वेगवान गाडीस भारी ब्रेक बसवावे काय?

स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. मोटारींच्या धंद्यात आमची हयात गेली, तेव्हा विषय त्यातलाच असणार हे उघड आहे. पण नेमका हाच का, याचे कारण असे की, गेल्या काही वर्षांत आमच्या परिचयाच्या घरांतील तरुण मुले एकच प्रश्न पुन्हा पुन्हा घेऊन येतात. गाडी वेगवान आहे. तिचे मूळचे ब्रेक काढून मोठे, भारी ब्रेक बसवावे काय? मुलगा निघून गेला की त्याच्या वडिलांचा दुसरा प्रश्न येतो, आणि तो खासगीत येतो: हा खर्च खरोखर उपयोगाचा, की नुसती हौस? प्रत्येकास वेगवेगळे सांगत बसण्यापेक्षा एकदाचे लिहून काढावे हे बरे.

आपले नवनगर हुबळी-धारवाड रस्त्यावर, दोन्ही शहरांच्या मधोमध. एके काळी आपल्या सभासदांपैकी मोजक्यांच्या दारी फियाट किंवा अँबॅसेडर असे, आणि तिचा वेग हा कौतुकाचा नव्हे तर काळजीचा विषय असे. आता साध्या घरातील मुलगाही नोकरीस लागल्यावर दोनतीन वर्षांत अशी गाडी घेतो की, जी त्या फियाटला उभी सोडून निघून जाईल. सुट्टी आली की ही गाडी धारवाड, अळणावर, लोंढा करीत अनमोड घाटाने गोव्यात उतरते. कुणी बेळगाव-जांबोटीवरून चोर्ला घाटाने जातो. कुणी कलघटगी-यल्लापूरकडून अरबैल घाट उतरून अंकोल्यास निघतो. मागच्या आसनावर पुष्कळदा आईवडील असतात, मंगेशीस किंवा कवळ्यास देवदर्शनाला निघालेले. तेव्हा ब्रेकचा प्रश्न हा केवळ मुलाच्या हौसेचा राहत नाही, सबंध घराचा होतो.

गाडी कोण थांबवतो, हे आधी पाहू. बहुतेक लोक म्हणतील, ब्रेक थांबवतो. हे अर्धेच खरे. पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील तेलावर दाब येतो, तो दाब नळ्यांवाटे चाकापाशी जातो, तेथे कॅलिपरमधील पॅड फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि चाक मंदावते. पण चाक मंदावले म्हणजे गाडी मंदावली असे नव्हे. गाडी मंदावते ती टायर रस्त्याला धरून ठेवतो म्हणून. चार टायर मिळून रस्त्याला टेकलेली जागा चार तळहातांहून फारशी मोठी नसते, आणि गाडीची सारी भिस्त तेवढ्या जागेवर असते. ब्रेकने टायरच्या पकडीहून अधिक जोर केला, तर चाक जागच्या जागी अडकते आणि गाडी घसरत पुढे जाते. एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. ही यंत्रणा चाक अडकू लागले की क्षणभर ब्रेक सोडते, पुन्हा धरते, पुन्हा सोडते. तेव्हा पेडल पायाखाली थरथरते. (पुष्कळ लोक त्या थरथरीस घाबरून पाय उचलतात. तसे कदापि करू नये. पाय दाबूनच ठेवावा.)

आता प्रश्न सोपा होतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर जोराने पेडल दाबल्यावर तुमच्या गाडीचे एबीएस कामास लागत असेल, तर त्याचा अर्थ मूळच्या ब्रेकमध्येच टायरला पुरून उरेल इतकी ताकद आहे. मग आणखी मोठा ब्रेक बसवून अधिक काय मिळणार? टायर तोच, रस्ता तोच. एकदा दाबून गाडी उभी करण्यास जे अंतर लागत होते, तेच लागेल. भारी ब्रेक विकणारे दुकानदार हे सहसा सांगत नाहीत.

ते अंतर किती, हे आकड्यांनी पाहिलेले बरे. टायर चांगले असतील आणि रस्ता कोरडा असेल, तर गाडीचा वेग दर सेकंदास सुमारे ८ मीटर प्रतिसेकंद एवढा घटविता येतो असे धरू. ताशी ६० किलोमीटरवरून उभे राहण्यास सुमारे १७ मीटर लागतात. ताशी १०० वरून ४८ मीटर. वेग दुप्पटदेखील झाला नाही, पण अंतर पावणेतीन पट झाले. यात ब्रेक दाबण्यापूर्वीचा वेळ धरलेला नाही. डोळ्याने पाहून पाय पेडलवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर ताशी १०० च्या वेगात तेवढ्यात २८ मीटर निघून जातात. पावसाने रस्ता ओला झाला आणि पकड ८ वरून ५ वर आली, की ते ४८ मीटर ७७ होतात. आपल्या नवनगरच्या थांब्यापाशी सकाळच्या वेळी बीआरटीएसची बस धरण्यासाठी शाळा-कॉलेजची मुले रस्ता ओलांडत असतात. तेथे ६० च्या जागी १०० चा वेग असलेल्या गाडीस जगातला कोणताही भारी ब्रेक मदतीला येणार नाही.

मग शर्यतीच्या गाड्यांना एवढाले ब्रेक लावतात ते लोक मूर्ख आहेत काय? मुळीच नाही. त्यांचे कारण निराळे आहे, आणि सगळ्या विषयाची मेख तेथेच आहे. ते कारण म्हणजे उष्णता.

चालत्या गाडीच्या अंगी जी शक्ती असते, ती थांबताना नाहीशी होत नाही, ब्रेकमध्ये उष्णता होऊन बसते. माणसे व सामान धरून १,२०० किलोची गाडी ताशी १०० वरून उभी केली, तर जी उष्णता निघते तिच्यावर जवळजवळ दीड लिटर थंड पाणी उकळीस येईल. आमच्या वाचक भगिनींना चुलीवरचा हिशेब आमच्याहून चांगला कळतो. तीनचार सेकंदांत एवढे पाणी उकळणारी चूल अजून कोणाच्या घरी आलेली नाही. यातील साधारण ७० टक्के भार पुढच्या दोन डिस्कवर पडतो, कारण थांबताना गाडीचे ओझे पुढे झुकते. पुढच्या दोन्ही डिस्कचे वजन मिळून १२ किलो धरले, तर अशा एका थांबण्याने त्या सुमारे ६० अंशांनी तापतात. एकदा, दोनदा, तीनदा, काही बिघडत नाही. वारा त्यांना निववितो. पण शर्यतीच्या मैदानात दर मिनिटाला तीनचार वेळा असे ब्रेक दाबावे लागतात आणि मध्ये निवण्यास उसंत नसते. डिस्कचे वजन १२ किलोच्या जागी १८ केले, तर प्रत्येक खेपेस तापमान ६० ऐवजी ४० अंशांनीच चढते, आणि मोठी डिस्क वाऱ्याला अधिक अंग देते. मोठ्या ब्रेकचा खरा उपयोग तो हा. पहिल्या खेपेस तो गाडी लवकर थांबवीत नाही; विसाव्या खेपेस पहिल्यासारखीच थांबवितो.

इतिहासात याचे ठळक उदाहरण आहे. १९५३ साली फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत इंग्लंडच्या जग्वार गाडीने जिंकली, ताशी १६० किलोमीटरहून अधिक सरासरीने. त्या गाडीस डनलॉप कंपनीच्या डिस्क होत्या. प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्यांना ड्रम. ड्रमचा दोष असा की, तो तापला म्हणजे फुगतो आणि आतल्या ब्रेक-शूपासून दूर सरकतो; जसजसे तापेल तसतसे पेडल खोल जाते. जग्वारचे चालक प्रत्येक फेरीत वळणाच्या अगदी जवळ येईपर्यंत वेग टिकवून धरीत, आणि पहाटेही त्यांचे ब्रेक आदल्या सायंकाळसारखेच लागत. डिस्क ब्रेकचे पेटंट इंग्लंडच्या लँचेस्टर यांनी १९०२ सालीच घेतले होते, पण त्याचे खरे मोल जगाला पटले ते या शर्यतीनंतर.

आता आपल्या घाटाकडे वळू, कारण आपले शर्यतीचे मैदान तेच. धारवाड समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आणि पणजी समुद्रकाठी. एखाद्या घाटात समजा ५०० मीटर उतरलो. त्याच १,२०० किलोच्या गाडीची ही उतरण म्हणजे ताशी १०० वरून जवळजवळ तेरा वेळा उभे राहण्याइतकी उष्णता. पाण्याच्या भाषेत सतरा-अठरा लिटरांचा हंडा. ती सारी ब्रेकवर टाकली आणि वाऱ्याने काहीच निवविले नाही असे मानले, तर त्या १२ किलोच्या डिस्क सातशे अंशांपलीकडे जातील. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण वारा निववीत असतो. पण जो चालक वरच्या गिअरमध्ये, पेडलवर सतत पाय ठेवून उतरतो, तो त्या दिशेने निघालेला असतो. जुने लॉरीचालक ज्या गिअरने घाट चढत त्याच गिअरने उतरत. इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेकवरचा भार पुष्कळ हलका होतो. याला एक पैसा पडत नाही. स्वयंचलित गिअरच्या गाडीतही खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय बहुधा असते, पण ती हातपुस्तिकेच्या पानांत राहून जाते.

घाटात ब्रेक जातो म्हणजे नेमके काय होते, हेही सांगावयास हवे. एक प्रकार असा की, पॅडमधील रसायन अति तापून त्याची पकड ढिली होते. पेडल कडक लागते, पण गाडी थांबत नाही. दुसरा प्रकार अधिक घातकी. ब्रेकमध्ये जे तेल असते (आपण ब्रेक ऑइल म्हणतो), ते हवेतील ओलावा शोषून घेते. नवे डॉट ४ प्रतीचे तेल २३० अंशांच्या आत उकळणार नाही असे मानक आहे. पण ओलावा मुरल्यावर तेच मानक १५५ अंशांवर येते. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, पण वाफ दाबली जाते. पाय सरळ तळापर्यंत जातो आणि चाकापाशी काही पोचत नाही. म्हणून हे तेल साधारण दर दोन वर्षांनी पूर्ण बदलून, नळ्यांतील एअर नीट काढून घ्यावी असे सांगतात. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात फिरणाऱ्या गाडीने तर यात हयगय करूच नये.

आमच्या परिचयातील एका तरुणाने मोठ्या डिस्कचा संच घेण्याचे ठरवून रक्कमही बाजूला ठेवली होती. अनमोड उतरताना त्याचे पेडल मऊ पडले होते, आणि गाडीत त्याची आई होती, त्यामुळे तो खरोखर धास्तावला होता. आम्ही त्याला आधी मिस्त्रीकडून टाकीचे झाकण उघडून घेण्यास सांगितले. तेल काळपट चहासारखे झालेले. गाडी घेतल्यापासून सहा वर्षांत कोणी त्याला हात लावला नव्हता. नवे तेल, नवे पॅड आणि दोन नवे टायर एवढ्यावर काम भागले. नंतरच्या पावसाळ्यात तो पुन्हा त्याच घाटाने, दुसऱ्या गिअरमध्ये, उतरून आला. बाजूला ठेवलेल्या रकमेचा मोठा भाग त्याच्याजवळ राहिला, आणि त्याने त्याचे काय केले हे आम्ही विचारले नाही.

गाडीचे वजन आणि ताकद यांवरही पुष्कळ अवलंबून असते. आपल्या शेजारच्या गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स गाडी काढली. अंग फायबरचे, इंजिन रेनॉ कंपनीचे सुमारे १.२ लिटरचे, ताकद ६० अश्वशक्ती. अशा हलक्या गाडीच्या ब्रेकला उष्णतेचे ओझे मुळात थोडेच. तिचे रबर, तेल, पॅड नीट ठेवले म्हणजे झाले. याउलट पुण्यानजीक तयार झालेली डीसी कंपनीची ‘अवंती’ घ्या: दोन लिटरचे टर्बो इंजिन, सुमारे अडीचशे अश्वशक्ती, वजनही पुष्कळ अधिक. जी गाडी दोन वळणांच्या मधल्या तुकड्यात दुप्पट वेग गाठते, तिच्या ब्रेकला चौपट उष्णता गिळावी लागते. म्हणून कारखानदार अशा गाड्यांना मुळातच मोठे ब्रेक देतात. आणि यावरूनच हेही दिसते की, ज्याने इंजिनमध्ये फेरफार करून ताकद वाढविली, त्याने ब्रेककडे न पाहणे हा अविचार आहे. इंजिन तसेच ठेवून ब्रेक वाढविणारा पैसे घालवितो. ब्रेक तसेच ठेवून इंजिन वाढविणारा त्याहून मोठे काही घालवू शकतो.

भारी ब्रेक बसविण्यात तोटेही आहेत. पुढचे आणि मागचे ब्रेक यांचा मेळ कारखान्यात मोजून बसविलेला असतो. नुसते पुढचेच मोठे केले, तर पुढची चाके लवकर अडकू पाहतात, मागची आपला वाटा उचलीत नाहीत, आणि थांबण्याचे अंतर कमी होण्याऐवजी वाढलेले आढळते. मागचे अति जोरदार झाले, तर ओल्या वळणावर गाडी भोवऱ्यासारखी फिरते. मोठ्या कॅलिपरला अधिक तेल लागते. मास्टर सिलिंडर जुनाच असेल तर पेडल लांब जाते. मोठी डिस्क मावावी म्हणून मोठे चाक, मोठ्या चाकावर पातळ टायर, आणि पातळ टायर आपल्या खड्ड्यांत. पुढचे सांगावयास नकोच. डिस्कला भोके पाडलेली असली की ती दिसावयास रुबाबदार; पण सतत तापणे-निवणे झाल्यास त्या भोकांपासूनच तडे जातात. शर्यतीचे पॅड थंड असताना नीट धरीत नाहीत. २०११ साली दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन गाड्या धावल्या, त्यांचे कार्बनचे ब्रेक शेकडो अंश तापल्यावरच खरे काम करतात. तसल्या जातीचा पॅड लावून सकाळी धुक्यात घरातून निघालेल्या माणसाला पहिल्याच चौकात त्याची प्रचीती येईल. केवळ कॅलिपरला लाल रंग देण्याविषयी आमचे काही म्हणणे नाही; रंग निरुपद्रवी आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ नोंदीहून गाडी वेगळी होईल असा फेरफार मनास येईल तसा करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात ते स्पष्ट केले. त्याच मापाचे पॅड, तेल, डिस्क बदलणे ही दुरुस्ती होय, तिला अडचण नाही. वेगळ्या मापाचा संच बसवायचा तर आधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि विमा कंपनीस लेखी कळवावे. अपघातानंतर हा विषय विमा कंपनीने काढण्यापेक्षा आधी आपण काढलेला बरा.

तेव्हा पैसे खर्चावयाचेच असतील तर क्रम कसा असावा? आधी टायर. खाचांची खोली १.६ मिलीमीटर ही कायद्याची किमान मर्यादा, पण पावसाळ्यापूर्वी त्याच्या दुप्पट तरी असावी असे आमचे मत आहे. गोटा झालेल्या टायरवर लाखाचा ब्रेक म्हणजे फाटक्या पिशवीला चांदीची कडी. टायरच्या कडेवर चार अंकी आकडा असतो. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. जुने गाडे विकत घेताना हा आकडा अवश्य वाचावा. टायरनंतर ब्रेक ऑइल, ज्याचा खर्च काही शेकड्यांत येतो. नंतर नामांकित कंपनीचे पॅड, काही हजारांत. रबरी नळ्या जुनाट असतील तर त्या. एवढे करूनही गाडी घाटात तापत असेल, तर चालविण्याची पद्धत तपासावी.

मोठा संच, ज्याची किंमत लाखाच्या घरात आणि त्यापुढे जाते, तो कोणाला शोभतो? जो खरोखर कोइम्बतूरच्या कारी मैदानावर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या मैदानावर वर्षातून चारसहा वेळा गाडी पळवितो त्याला. त्यानेही प्रथम अधिक तापमान सोसणारे पॅड आणि डॉट ५.१ तेल यांवर एक दिवस काढून पाहावा. येथे एक सावधगिरी: डॉट ५ आणि डॉट ५.१ ही नावे जुळ्या भावांसारखी असली तरी डॉट ५ सिलिकोनचे असते, ते इतर तेलांत मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीस चालत नाही. दुकानदार घाईत चुकीचा डबा देऊ शकतो. डब्यावरचे अक्षर स्वतः वाचावे.

दुसरा मनुष्य म्हणजे जुन्या गाडीचा शौकीन. प्रीमियर पद्मिनीला चारी चाकांस ड्रम होते. ओढा ओलांडून आल्यावर त्यात पाणी जाऊन पुढची दोनतीन पेडले कशी फुकट जात, हे आमच्या वयाच्या मंडळींना आठवत असेल. अशा गाडीस पुढे डिस्क बसविणे ही खरी सुधारणा आहे. पण ते काम रस्त्याकडेच्या मिस्त्रीचे नव्हे, मापे घेऊन, मास्टर सिलिंडर आणि पुढचा-मागचा मेळ बदलून करणाऱ्या जाणत्याचे आहे, आणि परवानगीचा प्रश्न तेथेही येतोच. ज्यांना एवढा व्याप नको, त्यांनी ओढा ओलांडल्यावर मागे कोणी नाही हे पाहून, संथ वेगात पेडलवर हलका पाय ठेवून शंभरएक पावले जावे. ड्रम वाळतात आणि ब्रेक पूर्ववत लागतो.